विकत घेतलेले सामर्थ्य आणि कमावलेले हुन्नर



वर्गणी हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. मशिदीचे छप्पर गळू लागले की वर्गणी निघते, मदरशाचा वर्ग वाढवायचा झाला की वर्गणी निघते, आणि बकरी ईदच्या दिवशी कुर्बानीची चामडी गोळा करीत दारोदार फिरणारी मुले तर आपण सर्वांनीच पाहिली आहेत. आपल्या बहुतेक शिक्षणसंस्था अशाच लहान लहान रकमांतून उभ्या राहिल्या. म्हणूनच या अंकासाठी इतिहासाचा विषय निवडताना मी दोन वर्गण्यांची हकीकत निवडली आहे. दोन्ही उस्मानी तुर्कस्तानात, एकाच पिढीच्या हयातीत जमल्या. एकीतून रेल्वे उभी राहिली, दुसरीतून युद्धनौका विकत घेतल्या गेल्या. दोन्हींमागची तळमळ सारखीच खरी होती. परिणाम मात्र जमीन-अस्मानाइतके वेगळे झाले. असे का झाले, हा प्रश्न इतिहास शिकवताना मला पुन्हा पुन्हा पडतो, आणि त्याचे उत्तर आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचते, असे मला वाटते.

एका हिवाळ्यात उभे राहिलेले आरमार

प्रथम उस्मानी सत्तेचा भर ज्वानीचा काळ पाहू. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी ग्रीसच्या किनाऱ्याजवळ लेपांटो येथे ख्रिस्ती राष्ट्रांच्या संयुक्त आरमाराने उस्मानी आरमाराचा दारुण पराभव केला. सुमारे दोनशे लढाऊ गलबते बुडाली किंवा शत्रूच्या हाती पडली. युरोपभर विजयाच्या घंटा वाजल्या. तुर्कांचा समुद्रावरील दरारा संपला, असे सर्वांनी गृहीत धरले.

पण इस्तंबूलमध्ये गोल्डन हॉर्न खाडीच्या काठावर सुलतानाची मोठी गोदी होती. तेथे पिढ्यान्‌पिढ्या काम करणारे सुतार, लोहार, दोरखंड वळणारे आणि फळ्यांच्या सांधी बुजवणारे कारागीर होते. काळ्या समुद्राकाठच्या जंगलांतून लाकूड आले. वजीर सोकोल्लू मेहमद पाशा आणि दर्यासारंग किलिच अली पाशा यांच्या देखरेखीखाली रात्रंदिवस काम चालले, आणि एका हिवाळ्यात सुमारे दीडशे नवी गलबते पाण्यात उतरली. १५७२ च्या उन्हाळ्यात उस्मानी आरमार पुन्हा समुद्रावर फिरू लागले. पुढच्याच वर्षी व्हेनिसने तह करून सायप्रस बेटावरील हक्क सोडला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लाकूड, लोखंड आणि पैसा युरोपातल्या अनेक राजांजवळ होता. उस्मानी गोदीचे वैशिष्ट्य तेथील हातांत होते. मात्र याच घटनेला दुसरी बाजूही आहे. लेपांटोत बुडालेले अनुभवी खलाशी आणि तिरंदाज एका हिवाळ्यात तयार होणे शक्य नव्हते. नव्या गलबतांवर कच्चे लोक चढले, आणि त्यांची उणीव पुढे बराच काळ भासली. जहाज सहा महिन्यांत होते, माणूस घडायला वीस वर्षे लागतात. हे वाक्य आपण मनात जपून ठेवू. लेखाच्या शेवटी ते पुन्हा लागणार आहे.

ऱ्हासाची वाट

सत्तेच्या ऱ्हासाची कारणे विचारली की आपले विद्यार्थी उत्तर लिहितात: विलासी सुलतान, दरबारी कारस्थाने, भ्रष्ट अधिकारी. हे खोटे नाही. पण ते सर्वस्वी खरेही नाही. विलासी राजे आणि कारस्थानी दरबार युरोपातही होते. उस्मानी सत्तेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हळूहळू, कुणाच्या नजरेत न भरता घडत होती. ज्ञान आणि हुन्नर यांची जगात जी घोडदौड चालली होती, तिच्याशी या साम्राज्याचा संबंध सुटत चालला होता.

इस्तंबूलमध्ये १५७७ साली तकीउद्दीन या थोर ज्योतिर्विदाने वेधशाळा उभारली. घड्याळांच्या यंत्ररचनेवर ग्रंथ लिहिणारा हा विद्वान आपल्या काळातील कुणाही युरोपीय शास्त्रज्ञाच्या तोडीचा होता. १५८० मध्ये सुलतानाच्या हुकुमाने ती वेधशाळा पाडण्यात आली. छपाईची गोष्टही अशीच. इस्तंबूलमधील यहुदी लोकांनी १४९३ च्या सुमारास तेथे छापखाना घातला होता. पण तुर्की भाषेतील पुस्तके छापण्याची परवानगी इब्राहीम मुतफर्रिका याला मिळाली ती १७२७ साली, आणि पहिले पुस्तक १७२९ मध्ये बाहेर पडले. त्याच्या हयातीत त्या छापखान्यातून सतरा ग्रंथ निघाले. सव्वादोनशे वर्षे एकाच शहरात एका गल्लीत छापखाना चालतो आणि पलीकडच्या गल्लीतील विद्वान हाताने नकला करीत बसतो, हे चित्र डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ऱ्हास कसा येतो ते समजेल. ऱ्हास तोफांचा आवाज करीत येत नाही. शेजारच्या गल्लीत काय चालले आहे याची चौकशी आपण सोडून देतो, तेव्हाच तो घरात शिरलेला असतो.

जाग आली ती ठेच लागल्यावर. १७७० च्या जुलै महिन्यात चेश्मेच्या बंदरात उस्मानी आरमार जळून खाक झाले. ते जाळणारे रशियन आरमार दूर बाल्टिक समुद्रातून, सारा युरोप वळसा घालून आले होते. त्यानंतर १७७३ साली इस्तंबूलमध्ये नौदलासाठी गणित आणि यंत्रविद्येची शाळा निघाली. आजचे इस्तंबूल तांत्रिक विद्यापीठ आपली परंपरा त्याच शाळेपर्यंत नेऊन भिडवते. सुलतान सलीम तिसरा याने १७९३ पासून नवी फौज आणि नवे शिक्षण यांचा ध्यास घेतला. पण जुन्या जानिसारी फौजेने १८०७ मध्ये त्याला पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी त्याचा खून झाला. जानिसारींचा बंदोबस्त १८२६ मध्ये झाला, तोवर इंग्लंडमध्ये वाफेची इंजिने गिरण्या चालवू लागली होती.

पुढे कारागीराची कंबर मोडण्याचे काम एका तहाने केले. १८३८ च्या बाल्टा लिमान येथील करारानुसार इंग्रजी मालावरील जकात सुमारे पाच टक्क्यांवर बांधली गेली. देशी व्यापाऱ्याला मात्र आपल्याच मुलखात माल इकडून तिकडे नेताना अंतर्गत जकात भरावी लागे. मँचेस्टरचे सूत स्वस्त आणि अनातोलियाचे महाग झाले. सरकारला आपल्या बाजारपेठेचा दरवाजा लोटून घेण्याचाही अधिकार उरला नाही. हिंदुस्थानातील विणकरांचे काय झाले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

उधारीचे आरमार

१८५४ साली, क्रिमियाच्या युद्धात, उस्मानी सरकारने पहिले परदेशी कर्ज काढले. मग कर्जावर कर्ज चढत गेले. सुलतान अब्दुलअझीझला आरमाराचा मोठा शौक होता. त्याने परदेशी गोद्यांतून लोखंडी चिलखताच्या नौका घेतल्या आणि कागदावर उस्मानी आरमार युरोपातील मोठ्या आरमारांत गणले जाऊ लागले. पण त्यांची यंत्रे सांभाळायला इंग्रज यंत्रज्ञ ठेवावे लागत. १८७५ मध्ये सरकारने कर्जाचे हप्ते पूर्णपणे देणे शक्य नसल्याचे जाहीर केले. १८८१ मध्ये धनकोंच्या प्रतिनिधींचे एक मंडळ इस्तंबूलमध्ये बसले, आणि मीठ, रेशीम, दारू, मुद्रांक अशा बाबींचा महसूल परस्पर त्याच्या हाती जाऊ लागला. खलीफाच्या राजधानीत प्रजेच्या मिठावरचा कर सावकार वसूल करू लागले! त्या चिलखती नौका मात्र वर्षानुवर्षे गोल्डन हॉर्नमध्ये नांगरून पडल्या आणि गंजल्या. १८९७ मध्ये ग्रीसशी युद्ध झाले तेव्हा त्यांपैकी बहुतेक निकामी ठरल्या. ज्या खाडीच्या काठी एका हिवाळ्यात दीडशे गलबते बांधली गेली होती, ती हीच खाडी.

पहिली वर्गणी

अशा कंगाल अवस्थेत १९०० साली सुलतान अब्दुलहमीद दुसरा याने दमास्कसपासून मदीना मुनव्वरापर्यंत रेल्वे बांधण्याची घोषणा केली. उंटाच्या काफिल्याने हा प्रवास करायला सुमारे चाळीस दिवस लागत. वाटेत तहान, रोगराई आणि लूटमार. या कामासाठी परदेशी कर्ज काढायचे नाही, असा निश्चय झाला. जगभरातील मुसलमानांना हाक गेली. तुर्क, अरब, इजिप्शियन यांच्याप्रमाणे हिंदुस्थानच्या मुसलमानांनीही पैसे पाठवले. खास तिकिटे काढली गेली, सरकारी नोकरांच्या पगारातून कपात झाली आणि कुर्बानीची चामडी विकून आलेले पैसेदेखील या निधीत जमा झाले.

रूळ आणि इंजिने बाहेरूनच आणावी लागली. मुख्य अभियंता माइसनर पाशा हा जर्मन होता, आणि आरंभी हाताखालचे बरेच अभियंतेही परदेशी होते. पण या कामात एक शहाणपण दाखवले गेले. इस्तंबूलच्या नव्या अभियांत्रिकी विद्यालयातून बाहेर पडलेल्या तरुणांना या परदेशी तज्ज्ञांच्या हाताखाली कामाला लावले. उस्मानी शिपायांनी भराव घातले, पूल बांधले, रूळ जोडले. वर्षागणिक परदेशी अभियंते कमी आणि देशी अधिक होत गेले. अल-उलाच्या पुढे, मदीनेच्या बाजूचा शेवटचा टप्पा हाजी मुख्तार बे यांच्या नेतृत्वाखाली केवळ मुसलमान अभियंत्यांनी आणि कामगारांनी पुरा केला. सुमारे १,३०० किलोमीटरचा हा मार्ग १९०८ मध्ये मदीनेला पोहोचला. चाळीस दिवसांचा प्रवास तीन-चार दिवसांवर आला. दमास्कसच्या कदम भागात इंजिने दुरुस्त करणारा कारखानाही निघाला.

दुसरी वर्गणी

रेल्वे मदीनेला पोहोचल्यावर पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, आरमारासाठी वर्गणी गोळा करणारी संस्था निघाली. कारणही तसेच होते. ग्रीसने 'आव्हेरोफ' ही नवी युद्धनौका घेतली होती, आणि १९१२-१३ च्या बाल्कन युद्धात तिने एजियन समुद्र तुर्कांना जवळजवळ बंद करून टाकला. त्या युद्धाच्या बातम्यांनी हिंदुस्थानातील मुसलमानही हळहळले. डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचे वैद्यकीय पथक तुर्की जखमींच्या सेवेसाठी गेले, ते १९१२ च्या डिसेंबरात आपल्या मुंबई बंदरातूनच. तुर्कस्तानात तर गावोगाव पेट्या फिरल्या आणि बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले.

सरकारने इंग्लंडमधील व्हिकर्स कंपनीकडे बॅरो येथे 'रशादिये' ही प्रचंड युद्धनौका १९११ मध्ये बांधायला टाकली होती. ब्राझीलसाठी न्यूकॅसलला बांधली जात असलेली दुसरी नौका १९१३ च्या अखेरीस विकत घेऊन तिला 'सुलतान उस्मान' हे नाव दिले. १९१४ च्या जुलैअखेर 'सुलतान उस्मान' ताब्यात घेण्यासाठी शेकडो तुर्की खलाशी टाइन नदीत येऊन थांबले होते. पैसे चुकते झाले होते. झेंडा तेवढा चढायचा बाकी होता.

आणि युरोपात महायुद्ध पेटले. इंग्लंडचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या आदेशावरून ऑगस्टच्या आरंभी दोन्ही नौका जप्त झाल्या. त्यांची नावे 'एजिनकोर्ट' आणि 'एरिन' अशी बदलून त्या इंग्रजी आरमारात दाखल करण्यात आल्या. खलाशी रिकाम्या हातांनी परतले. गोरगरिबांच्या पै-पैशाने घडलेली नौका विकणाऱ्याच्याच गोदीत राहिली.

या घटनेने तुर्की जनता संतापली. मंत्र्यांनी २ ऑगस्टला जर्मनीशी गुप्त करार केलेलाच होता, हे खरे. म्हणून केवळ जप्तीमुळे तुर्कस्तान युद्धात उतरले असे म्हणणे योग्य होणार नाही. पण या संतापाचा फायदा जर्मनीने पुरेपूर उठवला. 'गोबेन' आणि 'ब्रेस्लाऊ' या दोन जर्मन नौका इस्तंबूलला आल्या, त्या तुर्कस्तानला विकल्याचे जाहीर झाले, जर्मन खलाशांनी डोक्यावर तुर्की टोप्या चढवल्या. नौकांवर झेंडा तुर्की, पण सेनापती जर्मनच. त्याच सेनापतीने २९ ऑक्टोबरला रशियाच्या बंदरांवर तोफा डागल्या आणि उस्मानी साम्राज्य महायुद्धात ओढले गेले. चार वर्षांनी पराभव झाला. १९२२ मध्ये सुलतानशाही आणि १९२४ मध्ये खिलाफत संपली. तिच्या रक्षणासाठी १९१९ पासून आपल्या देशात जे मोठे आंदोलन झाले, त्याचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईतच होते, हे आपण जाणतोच.

फरक कोठे पडला?

आता ती रेल्वे पाहा. महायुद्धात अरब बंडखोर आणि इंग्रज अधिकारी यांनी सुरुंग लावून हे रूळ पुन्हा पुन्हा उडवले. तुर्की दुरुस्ती पथके येत आणि रूळ पुन्हा जोडत. मदीनेची शिबंदी जानेवारी १९१९ पर्यंत टिकून राहिली. अखेर मार्गाचा दक्षिण भाग बंद पडला, हे खरे. परंतु ती बांधताना जे शिकले, त्यांचे शिक्षण कोणी जप्त करू शकले नाही. पुढे १९२३ नंतर नव्या तुर्की प्रजासत्ताकाने रेल्वेचे जाळे विणायला घेतले, तेव्हा हाच अनुभव कामी आला.

कोणी म्हणेल, परक्यांकडून विकत घेणे हाच गुन्हा. तसे मुळीच नाही. रेल्वेचे रूळही विकतचेच होते. याच व्हिकर्स कंपनीच्या याच बॅरो गोदीत, १९११ मध्येच, जपानची 'काँगो' नावाची नौका बांधली जात होती. जपानने आपले तंत्रज्ञ तेथे शिकायला धाडले होते. 'काँगो' १९१३ मध्ये जपानला मिळाली, आणि तिच्या नमुन्याच्या आणखी तीन नौका जपानने आपल्या योकोसुका, कोबे आणि नागासाकीच्या गोद्यांत स्वतः बांधल्या. त्यानंतर मोठी युद्धनौका परदेशात बांधून घेण्याची त्याला गरजच उरली नाही. एकच गोदी, एकच वर्ष, दोन गिऱ्हाइके. एकाने जहाज विकत घेतले. दुसऱ्याने जहाजाबरोबर विद्याही घेतली.

पालकांस आणि विद्यार्थ्यांस

या हकीकतीतून मी एक कसोटी काढली आहे. कोणत्याही खर्चाच्या आणि कोणत्याही वर्गणीच्या वेळी विचारावे: ही वस्तू उद्या गेली, तर आपल्या माणसांच्या हातात काय उरेल?

एका शाळेत मी वर्गणीतून आलेल्या संगणकांची खोली पाहिली आहे. दारावर दात्यांच्या नावाची संगमरवरी पाटी होती आणि कडीला कुलूप. एक संगणक बिघडला की दुरुस्त करणारा माणूस शहरातून येईपर्यंत महिने जात, आणि 'मुले खराब करतील' म्हणून बाकीचेही झाकून ठेवलेले! त्या खोलीकडे पाहताना मला गोल्डन हॉर्नमधील गंजक्या नौका आठवल्या. मुलांनी यंत्र उघडले असते, एखादे बिघडवलेही असते. पण चार मुले दुरुस्ती शिकली असती.

पालकहो, दहावीचा निकाल लागला की आपण आम्हा शिक्षकांना विचारता, 'सर, कोणता कोर्स केला की लवकर व्हिसा मिळेल?' हा प्रश्न चुकीचा नाही. घर चालवायचे असते. पण त्याला जोडून दुसराही प्रश्न विचारा: 'या कोर्समध्ये माझ्या मुलाला स्वतःच्या हाताने काय करता येऊ लागेल?' व्हिसा देणारा तो काढूनही घेतो. वेल्डिंग, लेथ, वायरिंग, शिवणयंत्राची किंवा शीतयंत्राची दुरुस्ती, परिचारिकेचे काम, हिशेब, प्रयोगशाळेतील तपासणी, हे एकदा हातात बसले की कोणतेही सरकार ते जप्त करू शकत नाही. आणि हे मुलींनाही लागू आहे. दागिने देणाऱ्या त्या तुर्की भगिनींचा त्याग मोठा होता; पण आपल्या मुलींजवळ दागिन्यांबरोबर विद्याही असावी, अशी आपली इच्छा असली पाहिजे.

हाताचे काम हलके, आणि टेबलाचे काम इज्जतीचे, हा समज आपल्या घरांतून अजून गेलेला नाही. तो इस्लामी तर नाहीच. हजरत नूह अलैहिस्सलाम यांनी नौका स्वतः बांधली. हजरत दाऊद अलैहिस्सलाम हे पैगंबरही होते आणि बादशहाही. तरी अल्लाहने त्यांना चिलखत घडवण्याची कला शिकवली आणि ते आपल्या हाताच्या कमाईवर जगत, हे आपण मदरशात लहानपणीच ऐकलेले आहे. ऐकलेले आठवणे आणि त्यावर चालणे, यांतील अंतर तेवढे कापायचे उरले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, हुन्नर एका वर्षात येत नाही. जहाज सहा महिन्यांत होते, माणूस घडायला वीस वर्षे लागतात. तुमच्या वीसपैकी दहा-पंधरा वर्षे शाळेतच जातात. त्या काळात प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप दिसले, तर शिक्षकांकडे किल्ली मागा. आम्ही रागावलो तरी मागा.

आणि दानशूर बांधवांनो, पुढल्या वर्षी या संस्थेची पावतीपुस्तके आपल्या दारी येतील, तेव्हा हात आखडता घेऊ नका. पण पैसे देताना वरील कसोटीचा प्रश्न अवश्य विचारा. त्याचे उत्तर देण्यास आम्ही शिक्षक बांधील आहोत. अल्लाह आपल्या सर्वांना नफा देणारे इल्म आणि हलाल कमाईचे हुन्नर शिकण्या-शिकवण्याची तौफीक देवो. आमीन.